गोव्यात ब्रदरन मंडळीत पहिल्यांदा जाताना

गोव्यात कुणालाही ‘चर्च कुठे आहे’ म्हणून विचारलंत, तर तो तुम्हाला गावच्या इगर्जीची, म्हणजे कॅथलिक चर्चची, वाट दाखवणार. ब्रदरन ही नेमलेल्या पाळकावाचून चालणारी, कॅथलिक नसलेली ख्रिस्ती मंडळी. तिची जागा तशी सापडत नाही. एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या हॉलमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत ती भरते. मनोरा नाही, घंटा नाही, बऱ्याच ठिकाणी भिंतीवर क्रूससुद्धा नसतो. पाटी असली तर ‘गॉस्पेल हॉल’ किंवा नुसतंच ‘ख्रिस्ती मंडळी’. आसपास चौकशी करायची झाली तर ‘बिलिव्हर लोकांची प्रार्थना कुठे भरते’ असं विचारा. पण इथे कॅथलिक नसलेल्या जवळजवळ सगळ्याच मंडळ्यांना लोक ‘बिलिव्हर’ म्हणतात, त्यामुळे भलत्याच दारात जाऊन उभे राहाल. त्यापेक्षा तुम्ही जिथून आलात तिथल्या मंडळीतल्या कुणाकडून इथल्या एखाद्या ‘वडिलांचा’ (मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठ भावांना वडील म्हणतात) नंबर घ्या आणि शनिवारी संध्याकाळी फोन करा.

फोनवर विचारायचं ते एवढंच: भाकर मोडण्याची सभा (प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षारस घेण्याची रविवारची सभा) किती वाजता, कोणत्या भाषेत, आणि बस कुठवर येते. भाषेचा प्रश्न आधीच विचारलेला बरा. गोव्यात कामाधंद्यासाठी चारी बाजूंनी माणसं आलेली आहेत, त्यामुळे एकाच हॉलमध्ये सकाळी मल्याळी किंवा कन्नड सभा आणि नंतर मराठी-हिंदी असं चालू शकतं. जी मराठी सभा असते तिचाही एक खास गोव्याचा रंग आहे. गाणी मराठी, शास्त्रपाठ (शास्त्र म्हणजे बायबल) मराठी, प्रार्थना मराठी, आणि सभा सुटली की पायऱ्यांवरच्या गप्पा कोंकणीत. इथल्या हिंदू घरांतून आलेल्या थोरांनी लहानपणापासून वाचलं ते देवनागरीतलं मराठीच. म्हणून कोल्हापूर-बेळगावकडून आलेल्या आमच्यासारख्यांना शास्त्र उघडलं की घरी आल्यासारखं वाटतं, आणि कोंकणी कळायला मात्र सहा महिने जातात.

बसचं एवढ्यासाठी की आयताराला गाड्या कमी असतात. जाताना मिळते, परतताना दुपारी दीड वाजता स्टँडवर ताटकळावं लागतं. गाडी नसेल तर फोनवरच तसं सांगा, संकोच करू नका. वाटेवर राहणारं कोणीतरी स्कूटरवरून घेऊन जाईल. नाहीच जमलं तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आहेच.

ही मंडळी कुठली?

हा प्रश्न तुमच्या घरचे विचारतीलच, म्हणून थोडक्यात. १८२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी डब्लिन शहरात काही विश्वासणारे आपापल्या पंथांच्या भिंती बाजूला ठेवून, नेमलेल्या पाळकावाचून, एकत्र भाकर मोडायला बसू लागले. पुढे इंग्लंडमधल्या प्लिमथ गावात त्यांची मोठी मंडळी झाली, त्यावरून लोकांनी त्यांना ‘प्लिमथ ब्रदरन’ नाव ठेवलं. ते स्वतःला नुसतं बंधू म्हणत. त्यांच्यातला अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा एक्झिटरचा दातांचा डॉक्टर. चांगला चाललेला व्यवसाय सोडून तो १८२९ मध्ये बगदादला गेला, १८३३ मध्ये भारतात आला, आणि १८३६ मध्ये इंग्लंडहून त्याच्याबरोबर आलेल्या दोन जोडप्यांनी गोदावरीच्या मुखाकडच्या गावांत काम सुरू केलं. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या आपल्या नदीच्या अगदी दुसऱ्या टोकाला. केरळातही या मंडळ्या पुष्कळ वाढल्या.

१८४८ मध्ये या बंधूंमध्ये फूट पडली. एक गट मेजाबाबत, म्हणजे भाकर मोडायला कोणाला बसू द्यायचं याबाबत, जास्त कडक राहिला, दुसरा तुलनेने मोकळा. आजही दोन्ही प्रकारच्या मंडळ्या आहेत. पत्र, ओळख, मेजावर कोण बसतो हे सगळं एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं का, याचं मूळ बरंचसं तिथे आहे. नव्या माणसाला एवढं माहीत असलं तरी पुरे.

रविवार सकाळ

दहा मिनिटं आधी पोचा. चपला दाराबाहेर. बहिणींनी (मंडळीतल्या पुरुषांना भाऊ आणि बायकांना बहीण म्हणतात) डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची असते. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायावरून हा शिरस्ता आला आहे. विसरलात तरी घाबरू नका, बऱ्याच हॉलमध्ये दाराशी खुंटीला दोन-तीन ओढण्या टांगलेल्या असतात. पुष्कळ ठिकाणी भाऊ एका बाजूला आणि बहिणी दुसऱ्या बाजूला बसतात. नवरा-बायको पहिल्यांदाच आला असाल आणि वेगळं बसायला अवघड वाटत असेल तर दाराशी उभ्या असलेल्या भावाला ‘आम्ही आज मागे एकत्र बसतो’ असं सांगा. चालतं.

शास्त्र मराठीतलं बरोबर न्या. मोबाईलवर वाचता येतं, पण सभेत पानं उलटणाऱ्यांमध्ये बसून स्क्रीनवर बोट फिरवलं की मन भटकतं, हा माझा अनुभव. पुस्तकांचा क्रम माहीत नसेल तर अनुक्रमणिकेच्या पानाला दोरा लावून ठेवा. शेजारची बहीण पान काढून देईल, पण प्रत्येक वेळी तिच्याकडे बघावं लागलं की आपल्यालाच ओशाळं होतं.

मध्ये एक मेज असतं. त्यावर पांढरं कापड, एक अख्खा पाव आणि एक पेला. गोव्यात हा पाव बहुतेक पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडो असतो, गोल आणि कडक कवचाचा. काही मंडळ्यांत बहिणी घरून बेखमीर भाकर करून आणतात. आमच्याकडे ज्या बहिणीवर पाव आणायची पाळी असेल ती रविवारी पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू येताच दारात जाऊन उंडो घेते, नीट निरखून. चीर गेलेला नको, टवका उडालेला नको. पाव एकच आणि अखंड असला पाहिजे, कारण पौलाने त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात त्यावरच बोट ठेवलं आहे: भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. पेल्यात द्राक्षारस. बऱ्याच ठिकाणी तो काळ्या मनुका उकळून घरीच केलेला असतो.

मग सभा सुरू होते, आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. कारण सुरू झालेलं काहीच दिसत नाही.

पुढे कोणी उभा राहत नाही. छापलेला कार्यक्रम नसतो. झगा घातलेले पाळकसाहेब नसतात. तीस-चाळीस माणसं डोकी खाली घालून बसलेली असतात आणि पंख्याचा आवाज येत असतो. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस. एक मिनिट जातं, दोन जातात. माझ्या पहिल्या रविवारी मला वाटलं, ज्यांनी बोलायचं ते यायचे राहिले असावेत. मी कोल्हापूरकडच्या मिशनच्या मंडळीत वाढलेली. तिथे पाळकसाहेब उठवतील तेव्हा उठायचं, बसवतील तेव्हा बसायचं. इथे मी दाराकडे बघत राहिले.

त्या शांततेला घाबरू नका आणि ती भरून काढायला जाऊ नका. ती वाट बघण्याची वेळ आहे. ब्रदरन मंडळीत उपासना करून देणारा माणूस नेमलेला नाही, ती सगळ्यांनी मिळून करायची, आणि कोणी केव्हा उठावं हे पवित्र आत्म्याने सुचवावं असा विश्वास आहे. मी एवढी वर्षं जातेय, पण आठवड्याभरात असा एकही दुसरा तास नसतो की ज्यात इतकी माणसं एकत्र बसून गप्प राहतात आणि कुणालाच त्याचं अवघडलेपण नसतं. नव्याने येणाऱ्याला मी दुसरं काही सांगितलं नाही तरी हे सांगेन: पहिल्या तीन-चार रविवारी फक्त या शांततेत बसायला शिका. तेवढ्यात मनात काय आणायचं असा प्रश्न पडला तर शुभवर्तमानातला वधस्तंभाचा भाग उघडा आणि हळू वाचा.

थोड्या वेळाने कोणीतरी भाऊ बसल्या जागेवरून गाण्याचा नंबर सांगतो. सगळे गातात, पुष्कळ ठिकाणी वाद्यांशिवाय. मराठी मंडळ्यांच्या नशिबाने आपल्याकडे अशी गाणी आहेत की ज्यांना पेटी नसली तरी अडत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, आणि त्यानंतर त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची जी पदं ख्रिस्ती समाजाला दिली ती आजही म्हाताऱ्यांच्या तोंडपाठ आहेत. चाल येत नसेल तर पहिलं कडवं ऐका, दुसऱ्यापासून म्हणा. मग दुसरा भाऊ प्रार्थना करतो, तिसरा एखादा उतारा वाचतो. कोणी ठरवलेलं नसतं, तरी लक्ष देऊन ऐकलंत तर एक धागा लागतो. कोणी यशयाचा त्रेपन्नावा अध्याय वाचला तर पुढचं गाणं कोकऱ्याचं निघतं, त्यापुढची प्रार्थना जखमांची.

सभेच्या उत्तरार्धात एक भाऊ उठून पावासाठी उपकार मानतो आणि पाव मोडतो. उंड्याचं कवच तडकतं तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो. मग ताट हातोहात फिरतं, प्रत्येक जण तुकडा मोडून घेतो. तसाच पेला. यानंतर दानाची पिशवी किंवा पेटी फिरते. थोड्या विश्रांतीनंतर अर्धा-पाऊण तास शास्त्रावर संदेश असतो, आणि शेवटी निवेदनं. निवेदनं ऐकल्याशिवाय उठू नका. कोण आजारी आहे, बुधवारी कुणाच्या घरी बसायचं, कुणाला रक्त हवं आहे, हे सगळं तिथेच कळतं.

ताट तुमच्यापुढून गेलं तर

पहिल्याच रविवारी ताट तुमच्यापुढे न थांबता पुढच्या माणसाकडे जाण्याची शक्यता बरीच आहे. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर आम्ही गोव्यात आलो. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, त्या रविवारी त्याची पाळी होती, म्हणून मी एकटीच गेले. पत्र नव्हतं, ओळख नव्हती. जवळच्या एका मंडळीत जाऊन मधल्या रांगेत बसले. ताट आलं, मी हात पुढे केला, आणि शेजारच्या बहिणीने ते माझ्या हातावरून पलीकडे दिलं. ती काही वाईट वागली नाही, ओशाळून हसलीही. पण मला त्या दिवशी कानशिलं तापल्याचं अजून आठवतं. बाप्तिस्मा झालेली, देवभीरू घरातली मी, आणि मला वाढत नाहीत? निवेदनं संपायच्या आत मी पायऱ्या उतरले. तीन आठवडे गेले नाही.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी दारात एक म्हातारी बहीण उभी. हातात स्टीलचा डबा, डब्यात बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी. पत्ता कुठून काढला देव जाणे. ‘अगे बाय, तूं कित्याक येना?’ म्हणजे तू का येत नाहीस. मी सांगितलं कित्याक ते. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली बसली आणि म्हणाली, ‘चूक आमची. तुला दारातच सांगायला हवं होतं.’ मग तिने जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत देते, म्हणजे दारात कोणी सांगायला चुकलं तरी तुम्हाला माहीत असेल.

मेज हे प्रभूचं आहे, पण ते सांभाळण्याची जबाबदारी मंडळीच्या वडिलांवर आहे असं ब्रदरन मानतात. माणूस विश्वासणारा आहे, त्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि त्याचं चालणं ठीक आहे, हे त्यांना ठाऊक असावं लागतं. ओळख नसलेल्याला ताट न देण्यात त्याच्यावर संशय घेतलेला नसतो, आपल्याला अजून माहीत नाही एवढंच ते म्हणत असतात. म्हणून एका मंडळीतून दुसरीकडे जाताना शिफारसपत्र न्यायचं. ही रीत प्रेषितांच्या काळापासूनची. अपुल्लो अखयास निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी तिकडच्या शिष्यांना पत्र लिहिलं, आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबीची ओळख अशीच करून देतो.

तेव्हा तुम्ही आधीच एखाद्या ब्रदरन मंडळीत असाल तर निघण्यापूर्वी तिथल्या दोन वडिलांच्या सहीचं पत्र घ्या. नाव, किती वर्षं सहभागितेत (म्हणजे भाकर मोडण्यात भाग घेणाऱ्यांत) आहात, कुठल्या सेवेत मदत करत होता, एवढं त्यात पुरतं. सभेआधी ते इथल्या वडिलांच्या हाती द्या. निवेदनांत ते वाचून दाखवतात. सुट्टीला आठ दिवस गोव्यात आलात तरीसुद्धा पत्र आणा.

पत्र नसेल, किंवा तुम्ही दुसऱ्या पंथातून वा दुसऱ्या धर्मातून येत असाल, तर मागच्या रांगेत बसा, ताट आलं की हळूच पुढे द्या. दानाची पिशवी आली तरीही तसंच. पाहुण्याकडून पैसे घ्यायची अपेक्षाच नसते. सभा सुटल्यावर वडिलांना सांगा की मला तुमच्याशी बोलायचं आहे. पुढे महिना जाईल, कधी सहा महिने. या काळात ते घरी येतील, तुमच्या विश्वासाची गोष्ट विचारतील. पाठ केलेली साक्ष देऊ नका. जसं घडलं तसं सांगा, अर्धवट असेल तर अर्धवट.

बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून, आणि तोही स्वतः विश्वास ठेवणाऱ्याचाच. लहानपणी कपाळावर पाणी घेतलेल्यांना ही अट जड जाते. मला गेली. मी जवळजवळ वर्षभर वडिलांशी वाद घातला आणि त्यांनी तो घालू दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाप्तिस्म्यासाठी पावसाळ्यात समुद्राचा विचार करू नका. जून ते सप्टेंबर इथला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हॉलमधला हौद बरा. समुद्रावर जायचं तर हिवाळ्यातली पहाट, ओहोटी-भरती विचारून. गडद रंगाचे जाड कपडे घाला, कोरडा जोड आणि मोठा टॉवेल बरोबर ठेवा. आणि घरच्यांना आधी सांगा. चोरून घेतलेला बाप्तिस्मा पुढे सगळ्यांनाच त्रास देतो. कोणी तुम्हाला काही देऊ केलं म्हणून किंवा कोणी मागे लागलं म्हणून पाण्यात उतरू नका.

मधले सहा दिवस

फक्त रविवारी येणारा माणूस दोन वर्षांनीही पाहुणाच राहतो. मंडळी खरी कळते ती मधल्या वारी. साधारणपणे आठवड्यात एक शास्त्राभ्यास आणि एक प्रार्थनासभा असते, रविवारी संध्याकाळी सुवार्ता सभा, मुलांची रविवारची शाळा, आणि महिन्यातून एक-दोनदा बहिणींची सभा. वार प्रत्येक मंडळीचे वेगळे. म्हापशाकडे शुक्रवारी बाजार, त्यामुळे बाजारात बसणाऱ्यांना शुक्रवारची संध्याकाळ गैरसोयीची. हॉटेलात कामाला असणाऱ्यांचे शनिवार-रविवार हंगामभर जातात. अशांनी वडिलांना आपल्या पाळ्या सांगाव्यात. एका बंधूंची सुट्टी मंगळवारी असायची, तर चार जण मंगळवारी रात्री त्यांच्या खोलीवर जाऊन बसू लागले, आणि पुढे त्याचीच एक घरसभा झाली.

नव्याने येत असाल तर प्रार्थनासभेपासून सुरुवात करा. लोक थोडे असतात, आणि तिथे माणसं आपली खरी अडचण बोलतात: थकलेलं भाडं, दारू न सुटणारा भाऊ, बांबोळीच्या हॉस्पिटलात ठेवलेली आई. सगळ्यांची नावं घेऊन भाऊ पाळीपाळीने प्रार्थना करतात. तुमच्यावर वेळ आली तर लांबलचक ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ची माळ ओवत बसू नका. दोन वाक्यं चालतात. सगळ्यात लक्षात राहिलेली प्रार्थना मी एका तरुण गवंड्याकडून ऐकली, पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं त्याने: ‘प्रभू, ताईंच्या आईला आज झोप लागू दे. आमेन.’

शास्त्राभ्यासात प्रश्न विचारायला हरकत नाही, उलट विचाराच. उतारा आदल्या रात्री दोनदा वाचून जा. आपल्याकडे वयाने मोठ्यांसमोर ‘मला हे पटलं नाही’ म्हणणं जिवावर येतं. ‘हे मला नीट समजलं नाही, पुन्हा सांगाल का’ म्हटलं तरी काम होतं.

बहिणींबद्दल मी लपवाछपवी करणार नाही. मंडळीच्या सभेत बहिणी उभ्या राहून प्रार्थना करत नाहीत, संदेश देत नाहीत. गाणं सगळ्यांबरोबर म्हणतात. शहरात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींना हे खटकतं, आणि त्यांनी ते मनात ठेवून गप्प बसू नये. बोला, वाचा, वडिलांच्या बायकांशी बोला. मी हे मानते, पण मला ते पटायला वेळ लागला, आणि ज्यांना अजून पटलेलं नाही अशा बहिणी माझ्या शेजारी बसतात. त्याचबरोबर हेही पाहा: मुलांची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, बाळंतिणीचं जेवण, नव्या माणसाचा पत्ता शोधून दारात उभं राहणं, हे बहुतेक सगळं बहिणीच करतात. माझ्या दारात हुमणाचा डबा घेऊन आली नसती ती, तर मी आज कुठे असते मला माहीत नाही.

संबोधनाचं सोपं आहे. वयाने मोठ्यांना नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘ताई’, पुष्कळ ठिकाणी सरळ ‘ब्रदर’, ‘सिस्टर’. भेटल्यावर ‘जय ख्रिस्त’ किंवा ‘सलाम’. रेव्हरंड, फादर, पाळकसाहेब असं कुणालाही म्हणू नका, म्हटलंत तर समोरचाच अवघडेल. वडील हे एकापेक्षा जास्त असतात, पगारी नसतात, आणि आपापला नोकरीधंदा सांभाळून हे करतात. म्हणून सकाळी अकराला फोन उचलला नाही तर राग मानू नका, ते दुकानात किंवा ऑफिसात असतील. आजारी असाल तर मात्र वडिलांना कळवा. आजाऱ्यानेच वडिलांना बोलवावं असं याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे. कोणीतरी सांगितलं असेल असं धरून चालू नका.

पैसे

मंडळीत दशांशाची यादी ठेवत नाहीत, कुणी किती दिलं ते वाचत नाहीत. जे सहभागितेत आहेत ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमेल तसं टाकतात. त्यातून हॉलचं भाडं, वीज, गरजू घरं आणि पूर्णवेळ सेवक यांना मदत होते. सेवकांना ठरलेला पगार नसतो. ग्रोव्ह्जचा मेव्हणा जॉर्ज म्युलर याने १८३० मध्ये ठरलेला पगार नाकारला, आणि पुढे ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळली ती माणसांपुढे हात न पसरता. त्याचा कित्ता आमचे सेवक आजही गिरवतात. कोणी नव्या माणसाला बाजूला घेऊन पैसे मागत असेल, मंडळीच्या नावाने का होईना, तर देऊ नका आणि वडिलांना सांगा.

चवथ, नाताळ, लग्न

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, शेजारून नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट येणारच. काय करावं? करिंथकरांच्या पहिल्या पत्रातले आठ ते दहा हे अध्याय याच प्रश्नावर आहेत, तेव्हा ते आधी वाचा. पुढे ठेवलेलं काही न विचारता खा, पण कोणी ‘हे नैवेद्याचं आहे’ म्हणून सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका, असा पौलाचा सल्ला आहे. आमची शेजारीण आता नैवेद्य दाखवण्याआधीच आमच्यासाठी डबा बाजूला काढते. मी तिला तसं मागितलं नव्हतं, एकदा फक्त कारण समजावून सांगितलं होतं. ज्यांचं अख्खं घर हिंदू आहे त्यांना हे इतकं सोपं जात नाही. त्यांना माझं सांगणं एकच, चवथीला घरी जा. आरतीला उभे राहिला नाहीत तरी नारळ सोला, पाणी भरा, पाहुण्यांची पानं वाढा. आणि आरतीला उभे राहणार नाही हे आईला आदल्या आठवड्यात सांगा, आरतीच्या वेळी सगळ्यांदेखत नव्हे.

नाताळला उलटं आश्चर्य वाटेल. सगळा गोवा तारे आणि गोठे करून बसलेला आणि आपल्या हॉलमध्ये एक माळसुद्धा नाही. काही मंडळ्या २५ डिसेंबरला सुट्टी म्हणून सभा ठेवतात, काही अजिबात ठेवत नाहीत. दर रविवारी प्रभूचं मरण आठवतो, तो येईपर्यंत, एवढंच शास्त्राने सांगितलं असं ते म्हणतात. मुलांना मात्र याचं आधी समजावून सांगा, शाळेतल्या मित्रांकडे करंज्या-दोदोल बघून ती हिरमुसतात.

लग्न करायचं असेल तर गोव्याचा कायदा वेगळा आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या समान नागरी कायद्याप्रमाणे सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी लग्नाच्या इराद्याची नोंद, आणि मधली मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन सह्या, असं दोनदा जावं लागतं. मंडळीतली प्रार्थना आणि जेवण यांची तारीख त्या सह्यांचा हिशेब करून ठरवा. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर धावपळ करणारी जोडपी मी पाहिली आहेत. आणि दफनभूमी कुठली, हे इथे आल्यावर लवकर विचारून ठेवा. गावच्या इगर्जीची जागा आपल्याला नसते, आणि दुःखाच्या रात्री त्यासाठी फोन फिरवत बसणं फार कठीण असतं.

तिसऱ्या महिन्यात

तोवर माणसं ओळखीची झालेली असतील. ताट अजून तुमच्यापुढून जात असेल, तरी एक काम मागून घ्या. यासाठी सहभागितेत असायची गरज नसते. शनिवारी संध्याकाळी हॉल झाडायला दोन-तीन जण येतात, त्यांच्यात जा. केरसुणी दारामागे असते. पावसाळ्यात गाण्यांच्या पुस्तकांना बुरशी येते, ती कोरड्या फडक्याने पुसून पुस्तकं पंख्याखाली उघडी पसरायची. खुर्च्या मेजाभोवती मांडायच्या, दारातल्या ओढण्या धुवायला न्यायच्या. मेजावरचं पांढरं कापड ती म्हातारी बहीण स्वतः इस्त्री करून आणत असे. आता तिचे हात थरथरतात, म्हणून शनिवारी चारच्या सुमाराला मी तिच्याकडे जाते आणि तिच्यासमोर बसून ते करते, घडीची रेघ कुठे यायला हवी ते ती बोटाने दाखवत असते.